पेपर कुठे आला आणि पेपरात काय आले

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. दिवसाची कुठलीही वेळ घ्या, इथला वाहनांचा गुंता सुटलेला दिसत नाही. याच चौकातून एक वाट नाशिक रोडला जाते, जिथे देशाच्या नोटा छापल्या जातात. दुसरी वाट गोदावरी ओलांडून, पंचवटीला वळसा घालून म्हसरूळला पोचते. तिथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि नर्सिंगची महाविद्यालये जोडलेली आहेत. नोट आणि शोधनिबंध, दोन्ही शेवटी कागदच. नोटेवरचा आकडा चालतो, कारण त्याच्या मागे रिझर्व्ह बँक उभी असते. संशोधनाच्या व्यवहारातही इम्पॅक्ट फॅक्टर नावाचा एक आकडा चलनासारखाच फिरू लागला आहे. त्याच्यामागे हमी कुणाची, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कान दिला तरी हे कळते. कुणाचा पेपर ‘लागला’ की पहिला प्रश्न येतो, ‘कुठे?’ दुसरा येतो, ‘स्कोपसला आहे का?’, म्हणजे त्या नावाच्या सूचीत ते नियतकालिक आहे का. तिसरा, ‘इम्पॅक्ट किती?’ पेपरात नेमके काय सापडले हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर असतो, आणि तोवर बहुधा चहा संपलेला असतो. यात हसण्यासारखे आहे, पण नुकसानही आहे. ते सर्वांत स्पष्ट दिसते ते इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकाराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात. या शास्त्रात आकडे सर्वांत जोरात पळतात, आणि नाशिकसारख्या जिल्ह्याला लागणारे ज्ञान या शर्यतीत मागे राहते.

हा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक कल्पना मांडली: कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा आधार घेतला याची सूची करावी, म्हणजे एखादा विचार पुढे कुठे कुठे गेला ते शोधता येईल. १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आला. त्याच कामातून, कोणते नियतकालिक सूचीत घ्यावे आणि ग्रंथालयाने कशावर पैसे घालावेत हे ठरवायला इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. हिशेब अगदी सोपा आहे. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत १०० निबंध छापले आणि यंदा जगभरच्या लेखकांनी त्या निबंधांचा मिळून ४०० वेळा उल्लेख केला, तर त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर ४. थोडक्यात, ग्रंथपालाच्या टेबलावरचे हे साधन. ते तिथून उठून निवड समितीच्या टेबलावर कधी जाऊन बसले, ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

त्या सरासरीत एक मोठी गोम आहे. नॉर्वेचे पेर सेग्लेन यांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले की एखाद्या नियतकालिकाला मिळणाऱ्या एकूण उल्लेखांपैकी निम्मे उल्लेख फक्त १५ टक्के निबंधांच्या वाट्याला जातात, आणि वरचे निम्मे निबंध मिळून ९० टक्के उल्लेख घेऊन जातात. उरलेल्या निम्म्यांना राहिलेल्या १० टक्क्यांत वाटून घ्यावे लागते. म्हणजे १० इम्पॅक्टच्या नियतकालिकात छापून आलेल्या निबंधाला दहा उल्लेख मिळतीलच असे नाही. बहुतेकांना त्याहून कमीच मिळतात. तरी बायोडेटात त्या नावापुढे ‘१०’ लिहिला जातो आणि मुलाखतीत तो पूर्ण धरला जातो.

आता इम्युनॉलॉजीकडे. ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’ हे अमेरिकी नियतकालिक १९१६ पासून निघते. त्याचे शतकभराचे अंक ओळीने चाळले तर या शास्त्राची सगळी वळणे दिसतात. सुरुवातीला सगळा भर रक्तद्रवावर: प्रतिविष, प्रतिपिंडे, ॲनाफिलॅक्सिस. साठच्या-सत्तरच्या दशकात लक्ष पेशींकडे वळले, टी आणि बी पेशींची विभागणी झाली. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडांची युक्ती दाखवली आणि प्रयोगशाळांचे हत्यारच बदलले. ऐंशीच्या दशकात सायटोकाइन्स, नव्वदीच्या अखेरीस जन्मजात प्रतिकार, मग कर्करोगावरची इम्युनोथेरपी, आणि २०२० पासून करोना. प्रत्येक लाटेबरोबर हजारो निबंध येतात आणि एकमेकांचे उल्लेख करतात. जे लाटेवर असतात त्यांचा आकडा चढतो.

पण याच नियतकालिकातले दोन निबंध पाहण्यासारखे आहेत. १९८६ साली टिमथी मॉसमन, रॉबर्ट कॉफमन आणि सहकाऱ्यांनी मदतनीस टी पेशी दोन प्रकारच्या असतात असे दाखवले. पुढची दोन दशके दमा, क्षय, ॲलर्जी यांवरची चर्चा याच विभागणीच्या भाषेत झाली. १९९५ साली शिमोन साकागुची यांनी शरीराला स्वतःवरच हल्ला करण्यापासून रोखणाऱ्या टी पेशींची ओळख पटवणारा निबंध छापला. तेव्हा ‘दाबून टाकणाऱ्या’ पेशींची कल्पनाच बदनाम झालेली होती. ती टाकून दिलेली कल्पना पुन्हा उचलण्याचे धाडस त्यांनी केले. २०२५ साली मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळाले. मध्ये तीस वर्षे गेली. दोन वर्षांच्या खिडकीतून बघणाऱ्या आकड्याला तीस वर्षांचे काम दिसणार कसे? आज याच ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’चा इम्पॅक्ट फॅक्टर चारच्या आसपास रेंगाळतो, आणि आकड्यावर नजर ठेवणारे तरुण संशोधक निबंध पाठवताना त्याला खालच्या पसंतीवर टाकतात.

कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांची गोष्ट आता बरीच सांगितली जाते. आरएनएमध्ये एक रासायनिक बदल केला की शरीर त्यावर तुटून पडत नाही, हे त्यांनी २००५ साली ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात दाखवले. त्याआधी ‘नेचर’ने तो निबंध परत केला होता. छापून आल्यावरही कुणी फार दखल घेतली नाही. पंधरा वर्षांनी त्याच युक्तीवर करोनाच्या एमआरएनए लशी उभ्या राहिल्या, २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले, आणि पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. २००६-०७ साली एखादी निवड समिती कारिको बाईंच्या फायलीवर बसली असती, तर तिला यातले काहीही दिसण्याची सोय नव्हती.

करोनाने या आकड्यांचा फुगा किती फुगतो हेही दाखवले. ‘लॅन्सेट’चा २०२० चा इम्पॅक्ट फॅक्टर ७९ होता, २०२१ चा थेट २०२. मग १६८, आणि २०२३ चा ९८. या तीन वर्षांत ‘लॅन्सेट’च्या संपादकांची अक्कल अडीचपट वाढून पुन्हा अर्ध्यावर आली असे कुणी म्हणणार नाही. सगळे जग एकाच विषयावर लिहीत होते आणि एकमेकांचा उल्लेख करत होते, एवढेच घडले. मोफत वाचायला मिळणाऱ्या आणि लेखकाकडून पैसे घेणाऱ्या ‘फ्रंटियर्स इन इम्युनॉलॉजी’चेही तेच झाले. २०२१ चा आकडा आठच्या वर गेला, २०२३ चा सहाच्या खाली आला. तिथे एक निबंध छापायला तीन हजार डॉलरहून जास्त लागतात, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या वर. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाने हे पैसे कुठून आणायचे, याचे उत्तर कुठल्याच नियमावलीत नाही. आकडे मोजणाऱ्या कंपनीने तर २०२३ पासून इम्पॅक्ट फॅक्टर दशांशाच्या एकाच घरापर्यंत द्यायला सुरुवात केली. तोवर ३.४१२ मोठा की ३.३९८ यावर लोक खरोखर भांडत होते.

पण परदेशातल्या नियतकालिकांच्या गप्पा पुरे. याच मापाने महाराष्ट्राने केलेले काम मोजले तर काय निघते ते बघू.

१९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना तीन माणसे सापडली, ज्यांचे रक्त कोणत्याच गटात बसत नव्हते. तपासणीत ते ‘ओ’सारखे वाटे, पण त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ रक्त मिसळले तरी त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या धरत. ‘ए’ आणि ‘बी’ ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ प्रतिजनच या माणसांच्या रक्तात नव्हता. ‘लॅन्सेट’मध्ये ही टिपणवजा नोंद प्रसिद्ध झाली आणि ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले. या गटाची माणसे भारतात साधारण दहा हजारांत एक. अशा माणसाला चुकून ‘ओ’ रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. रक्तपेढीतला तंत्रज्ञ आजही ‘ओ’ गटाची खातरी करताना जी जादा तपासणी करतो, तिच्यामागे हे काम आहे.

आता हेच टिपण आजच्या नियमांच्या चाळणीतून काढून बघा. तीन माणसांची नोंद म्हणजे प्रकार ‘केस रिपोर्ट’च्या जवळचा. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंध मोजण्याचे नियम काढले, त्यात केस रिपोर्ट धरला जात नव्हता. लेखकांच्या यादीत पहिल्या दोघांचेच नाव धरायचे, असेही ठरले. १९५२ च्या निबंधावर भेंडे आणि देशपांडे यांच्यानंतर तिसरे नाव भाटियांचे, आणि त्यापुढे इंग्लंडच्या रेस आणि सँगरसारख्या दिग्गजांची. पुढे आयुष्यभर रक्तगटांवर काम करणाऱ्या भाटियांना त्या नियमाने या शोधाचा एकही गुण मिळाला नसता. त्याच नियमांच्या यादीत इंडेक्स कोपर्निकस नावाची सूची मात्र मान्य होती, आणि तिच्यात पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके सुखाने नांदत होती. देशातल्या अनेक वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन या नियमांवर टीका केली. नंतर सूच्या बदलल्या, लेखकांचा नियम सैलावला. पण निबंध वाचायचा नाही, तो कुठल्या यादीत बसतो ते पाहायचे, ही पद्धत तशीच राहिली.

दुसरे उदाहरण महाडचे. लाल विंचवाचा दंश कोकणात आणि राज्याच्या बऱ्याच ग्रामीण भागात अजून जीवघेणा ठरतो, विशेषतः मुलांना. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना हे रुग्ण एकेक करून पाहिले, रात्र रात्र जागून नोंदी ठेवल्या आणि १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसे निकामी होतात, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वेळेवर दिले तर माणूस वाचतो, हे त्यांनी दाखवले. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बावस्कर पती-पत्नींचा आणखी एक निबंध आला. तो निखळ इम्युनॉलॉजीच्या उपयोगाचा होता. त्यांनी महाडच्या त्यांच्या रुग्णालयात ७० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन दिले, दुसऱ्याला प्राझोसिनच्या जोडीने घोड्यांच्या रक्तातून तयार होणारे प्रतिविष. दुसऱ्या गटातले रुग्ण बरेच लवकर सावरले. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, रीतसर चाचणी. तीही तालुक्याच्या गावात, कुठल्याही बड्या संस्थेशिवाय. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या निबंधाचा उल्लेख किती जणांनी करावा? जगात लाल विंचवावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा बोटांवर मोजाव्यात इतक्या. कर्करोगावरच्या एखाद्या बऱ्यापैकी निबंधाला वर्षभरात जेवढे उल्लेख मिळतात तेवढे याला मिळणे कठीण. त्याचा खरा वापर करतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकसारख्या तालुक्यांत पावसाळी रात्री विंचू किंवा साप चावलेला माणूस समोर आणला जातो तेव्हा तो अशा निबंधावर बेतलेली उपचारपद्धत वापरतो. तो अधिकारी सकाळी उठून शोधनिबंध लिहीत नाही, त्यामुळे तो कुणाचा उल्लेखही करत नाही. सायटेशन मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी त्या रात्री काहीच घडलेले नसते.

उलटही होते. निबंध नामवंत नियतकालिकात येतो, लोक त्याचा उल्लेख करतात, आणि व्यवहारात त्याचा शून्य उपयोग होतो. प्लाझ्मा थेरपी आठवा. करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे आजारी माणसाला द्यायची, ही कल्पना पटण्यासारखी होती. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘प्रोजेक्ट प्लाटिना’ हा प्लाझ्मा उपचारांचा प्रकल्प मोठ्या थाटात सुरू केला. त्याच काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) ‘प्लॅसिड’ ही प्लाझ्माचीच चाचणी देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चालू होती. तिचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला: प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांचा आजार बळावला किंवा ते दगावले, न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. म्हणजे फायदा नाही. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या कितीतरी मोठ्या ‘रिकव्हरी’ चाचणीनेही तेच सांगितले. चाचणी भारतीय, निष्कर्ष स्पष्ट, नियतकालिक जगातले अव्वल.

आणि एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, राज्यातल्या इतर शहरांसारखे नाशिकचेही व्हॉट्सॲप ग्रुप ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा’ अशा निरोपांनी भरले होते. ज्यांच्या घरात माणूस ऑक्सिजनवर होता ते नातेवाईक दाता शोधत फिरत होते, चिठ्ठी डॉक्टरच लिहून देत होते. १७ मे २०२१ रोजी आयसीएमआरने प्लाझ्मा उपचारपद्धतीतून काढून टाकला. निबंध छापून आल्यापासून मध्ये सात महिने गेले. याचा दोष एका डॉक्टरवर टाकण्यात अर्थ नाही. समोर माणूस जात असताना काहीतरी करण्याची ओढ कुणालाही असते. पण ज्या देशातल्या मेडिकल कॉलेजांत दरवर्षी हजारो निबंध लिहिले जातात, तिथे आपल्याच चाचणीचा निकाल खाटेपर्यंत पोचायला एवढा वेळ लागतो. लिहिण्याला गुण आहेत, वाचण्याला नाहीत, आणि ही तफावत त्यातूनच आली आहे.

उल्लेखांच्या मोजणीत स्तुती आणि निंदा यांचा भेदही नसतो. अँड्र्यू वेकफील्ड यांनी १९९८ साली बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडला. ‘लॅन्सेट’ने तो निबंध २०१० साली मागे घेतला, तोवर आणि त्यानंतरही त्याचे उल्लेख होतच राहिले, बहुतेक तो खोडून काढण्यासाठी. आकड्यांच्या वहीत ते सगळे जमेच्या बाजूलाच पडतात.

एखाद्या मापाला पगार जोडला की त्या मापाची विक्री सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण जोडले आणि निबंधांचे कारखाने निघाले. पुढे आयोगानेच मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तिच्यातही भुसा घुसला. हे ज्यांनी उघडे पाडले ते पुण्याचेच: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत शिरलेल्या, आणि त्यांनी तपासलेल्या, नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांच्या आसपास निकृष्ट असावीत. कुणाचा नोंदणी क्रमांक खोटा, कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर घरीच शिजवलेला. त्यातून आयोगाची ‘केअर’ ही नवी यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद करून नियतकालिकांची निवड पुन्हा संस्थांवर सोपवली. दरम्यान ‘जगातील दोन टक्के शास्त्रज्ञ’ ही नवी पदवी आली. अमेरिकेतले जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या आकड्यांवरून ही यादी काढतात; ती कुणी दिलेला पुरस्कार नव्हे. तरी तिच्यात नाव आले की कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो.

मग आकडे फेकूनच द्यायचे का? इथे घाई नको. आकडे आले त्यामागे एक खरे दुखणे होते. कुणाची निवड होणार हे मुलाखतीआधीच ठरलेले, कुठल्या गटाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक, अशी अवस्था ज्यांनी भोगली त्यांना इम्पॅक्ट फॅक्टरचा आधार वाटला यात नवल नाही. वशिल्याच्या खोलीत निदान एक आकडा तरी असा होता जो कुणाच्या सासऱ्याला बदलता येत नव्हता. ‘निबंध वाचून ठरवू’ असे म्हणणाऱ्या समितीला वाचायचेच नसेल, तर ती आकड्याऐवजी आडनाव पाहील. आकड्यांवर टीका करणारे बरेच जण हा मुद्दा टाळतात, आणि म्हणून तालुक्याच्या कॉलेजातल्या हुशार पण एकट्या माणसाला त्यांचे पटत नाही.

पण आकड्याने तरी वशिला गेला का? गेला नाही, त्याने वेष बदलला. आता निबंधावर विभागप्रमुखांचे नाव घालावे लागते, एकमेकांचे उल्लेख करणारी टोळकी तयार होतात, आणि ज्याच्याकडे अडीच लाख आहेत त्याचा निबंध मोठ्या आकड्याच्या घरी पोचतो. तटस्थ म्हणून आणलेले माप पैशाच्या बाजूला झुकले. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी जाहीरनामाच काढला की नोकरी, बढती किंवा अनुदान ठरवताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये. जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सही करणे सोपे असते.

महाराष्ट्राजवळ याहून चांगला अनुभव घरातच आहे. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९५५ पासून चालवलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. इंटरनेटवर ते लवकरच मोफत उपलब्ध झाले आणि परदेशातले लोक त्याचे उल्लेख करू लागले. डी. के. साहू यांनी १९९७ साली मुंबईत सुरू केलेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने हीच वाट इतर अनेक भारतीय नियतकालिकांना दाखवली. २०११ साली ती वोल्टर्स क्लूवर या परदेशी कंपनीकडे गेली, हा भाग वेगळा. मुद्दा असा की नियतकालिक चांगले व्हायला लागतात ते वेळ देणारे परीक्षक आणि हट्टी संपादक. केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके वाचायला देते. तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये. त्या रकमेतला लहानसा वाटा देशी, मोफत नियतकालिकांच्या परीक्षकांवर आणि संपादकांवर खर्च झाला असता, तर तो वाया गेला नसता.

आकड्यापेक्षा आपल्या भागातल्या प्रश्नाकडे पाहण्याची चुणूक म्हसरूळच्या विद्यापीठाने एकदा दाखवली आहे. २०२० च्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगाव करोनाचे मोठे केंद्र होते, आणि नंतरच्या लाटांत तिथली रुग्णसंख्या आश्चर्य वाटावे इतकी कमी राहिली. काढ्यापासून हवेपर्यंत सगळी कारणे लोकांनी सांगितली. २०२१ च्या अखेरीस विद्यापीठाने ‘मालेगाव मॅजिक’ म्हणून गाजलेल्या या गोष्टीचा अभ्यास हाती घेतला: रक्ताचे नमुने, प्रतिपिंडे, राहणीमानाची माहिती. दाट वस्ती, यंत्रमागाची धूळ, आधी होऊन गेलेला संसर्ग, यांचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध, हा प्रश्न मालेगावात उभा राहिला आणि मालेगावातच सोडवायचा होता. असे प्रश्न या जिल्ह्यात कितीतरी पडलेले आहेत. आदिवासी पाड्यांवरचा क्षय आणि बीसीजीचा परिणाम, कळवण-सुरगाण्याच्या पट्ट्यातल्या सर्पदंशाला उपलब्ध प्रतिविष किती लागू पडते, द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांचे त्वचा आणि श्वसनाचे विकार. यातल्या एकाही प्रश्नाला परदेशातले मोठे नियतकालिक पायघड्या घालणार नाही. उत्तर सापडलेच तर दोन वर्षांत त्याचे फार उल्लेखही होणार नाहीत.

एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय निवडताना हे नेमके माहीत असते. म्हणून तो सर्पदंश सोडून ‘एका तृतीयक रुग्णालयातील अमुक घटकाची पातळी’ असा सुरक्षित विषय घेतो, पन्नास नमुने गोळा करतो, निबंध कुठेतरी लावतो आणि मोकळा होतो. त्याला नावे ठेवण्यापेक्षा त्याच्यासमोर ठेवलेला फॉर्म बदलला पाहिजे. विद्यापीठाच्या हातात हे बरेचसे आहे. बढती असो की पीएचडीची मार्गदर्शकी, अर्जदाराकडून वीस निबंधांची यादी मागू नये. त्याने निवडलेले तीनच निबंध मागावेत आणि प्रत्येकासोबत मराठीत किंवा इंग्रजीत अर्धे पान: काय विचारले, काय सापडले, ते कुणी वापरले. ‘कुणी वापरले’ या रकान्यात तालुक्याचे रुग्णालय, रक्तपेढी किंवा आरोग्य खात्याचे परिपत्रक चालावे. समितीतल्या दोघांनी ते निबंध वाचल्याची सही करावी आणि त्यांचा अभिप्राय उमेदवाराला मिळावा, म्हणजे आडनाव पाहणाऱ्यांनाही कारण लिहावे लागेल.

निवड समित्यांवर बसणाऱ्या डॉक्टरमंडळींना एवढीच विनंती आहे: पुढच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री उमेदवाराचा एक तरी निबंध शेवटपर्यंत वाचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पहिला प्रश्न त्यातलाच विचारा.